खुराड्याचं दार कोणी लावायचं? घरच्यांनी मिळून छोटी शेती शिकताना

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दोन एकर जागा घेऊन आठ महिने झाले. तुम्ही आणि तुमचे मिस्टर नोकरी सांभाळून शेती करताय. घरात १४ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई. शेतीचा अनुभव कोणालाच नाही. भाजीपाला, १५ कोंबड्या आणि ४० फळझाडं एकदम सुरू केलीत, पुढच्या महिन्यात दोन शेळ्या आणायचं घाटतंय. आणि आता रोज संध्याकाळी वाद होतात: पाणी कोणी दिलं नाही, फाटक कोणी उघडं ठेवलं, हुकूम कोण सोडतं आणि राबतं कोण. मुलं शेतात यायलाच नको म्हणतात. तुमचे मिस्टर म्हणतात, दोन एकरांत कसली शेती होते. तुम्ही विचारताय, आमचं चुकलं कुठे आणि कामं वाटून कशी घ्यायची?

मी २२ वर्षं घरच्यांसोबत शेती करते आणि त्यातली बरीच वर्षं तुमच्यासारख्या नव्या कुटुंबांना शिकवते. तुमच्या मातीचं, बियाण्याचं काही बिघडलेलं दिसत नाही. तुम्ही कामं वाटलीत, पण जबाबदारी कोणाच्याच हातात दिली नाहीत. या दोन्हींत फरक काय, ते आम्हाला फार महागात शिकावं लागलं.

आमचं तिसरं वर्ष होतं. १४ कोंबड्या होत्या. संध्याकाळी खुराड्याचं दार लावणं हे ‘ज्याला जमेल त्याने करा’ अशातलं काम. एका संध्याकाळी वीज गेलेली, पाऊस लागलेला, सगळे घाईघाईने घरात आले. मुलाला वाटलं बाबांनी दार लावलं. त्यांना वाटलं मी लावलं. मला वाटलं, रोजच्यासारखं मुलाने लावलं असणार. सकाळी तीन कोंबड्या जिवंत सापडल्या, एक छपराच्या वाशावर आणि दोन चाऱ्याच्या गंजीमागे. बाकी नुसती पिसं. मुलगा तेव्हा १० वर्षांचा होता, त्या कोंबड्या त्याने पिल्लं असल्यापासून वाढवलेल्या. तो दिवसभर बोलला नाही. आम्ही तिघांनीही ते दार कित्येकदा लावलं होतं, पण ते दार आमच्यापैकी कोणाचंच नव्हतं.

त्याच दिवशी मी लाकडाची एक चकती कापली, तिला भोक पाडून सुतळी ओवली. चकती ज्याच्याकडे, दार त्याचं. बाहेर जायचं असेल तर चकती दुसऱ्याच्या हातात द्यायची, खुंटीला अडकवून निघून जायचं नाही. देताना म्हणायचं, ‘आज दार तुझं.’ घेणाऱ्याने म्हणायचं, ‘माझं.’ त्यानंतर दार उघडं राहिलं म्हणून आमची एकही कोंबडी गेलेली नाही. तुमच्याकडे आजच्या आज एखादी गोष्ट सुरू करायची असेल तर ही करा. दार, फाटक, पाण्याची मोटर या तिन्हींना एकेक चकती.

आता मोठ्या वाटणीकडे येते. ‘काकडीला पाणी घाल’ हे काम झालं. ‘काकडीचा वाफा तुझा’ ही जबाबदारी. पहिल्यात माणूस नळी धरून उभा राहतो, पाणी संपलं की निघतो. दुसऱ्यात त्याला पानं पिवळी पडलेली दिसतात, मातीत बोट घालून बघावंसं वाटतं, फळ वाकडं का आलं हा प्रश्न पडतो. वाफा ज्याचा, त्यानेच ठरवायचं की पाणी कधी आणि किती द्यायचं, तोडणी कधी करायची, पुढच्या खेपेला काय लावायचं. त्याचं चुकलं तर चुकू द्यायचं. मोठ्यांना हेच सगळ्यात जड जातं. माझ्या मुलीने एकदा मुळा दाट पेरला आणि विरळणी करायचं टाळलं. रोपं उपटायची म्हणजे तिला वाईट वाटायचं. मला रोज दिसत होतं, तोंडाशी आलेलं मी रोज गिळत होते. शेवटी पानं भरपूर आणि खाली सुतळीएवढे मुळे. पुढच्या पेरणीला ती स्वतःच बोटाने अंतर मोजत बसली. मी मध्ये बोलले असते तर तो वाफा माझा झाला असता.

अर्थात ज्या चुकीने जनावराचा जीव जाईल किंवा माणसाला इजा होईल, तिथे गप्प बसायचं नाही. तो भाग खाली वेगळा सांगते.

पण जबाबदारी वाटण्याआधी तास मोजा. बहुतेक नवी कुटुंबं हेच करत नाहीत आणि भांडणाचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. तुम्ही दोघं नोकरी करून आठवड्याला प्रत्येकी १० तास खरोखर देऊ शकता असं धरू, म्हणजे २० तास झाले. १५ कोंबड्यांना दाणा, पाणी, अंडी गोळा करणं, साफसफाई मिळून रोज अर्धा तास, म्हणजे आठवड्याला साडेतीन तास. दुभत्या दोन शेळ्यांना दोन वेळची धार, चारा, पाणी, गोठा मिळून रोज दीड तास तरी जातो. नवशिक्यांना जास्तच. ते झाले साडेदहा. इथेच १४ तास संपले. उरलेल्या ६ तासांत भाजी, ४० झाडं, खत, कुंपण, दुरुस्ती आणि बाजार. होणार नाही हे. मग प्रत्येकाला वाटतं की समोरचा कामचुकार आहे. खरं तर २० तासांच्या माणसांवर ३५ तासांची शेती टाकलेली असते.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: शेळ्या या वर्षी आणू नका. आणि भाजीचं क्षेत्र कापा. मी पहिल्या वर्षी २०० चौरस मीटरच्या वर जाऊ देत नाही. दोन एकर म्हणजे सुमारे ८,१०० चौरस मीटर, म्हणजे तुमच्या जागेचा चाळिसावा भाग. ऐकून हसू येईल, पण पाण्याचा हिशेब करून बघा. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. कडक उन्हाच्या दिवसांत भाजीला रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे २०० चौरस मीटरला रोज १,००० लिटर. आता हाच हिशेब पूर्ण एकरावर मांडा, रोज २० हजार लिटर होतात. तेवढं पाणी तुमच्याकडे आहे का, आणि ते रोज वळवायला माणूस आहे का? उरलेल्या जागेवर गवत राहू द्या किंवा द्विदल हिरवळीचं खत पेरा, फुलावर आलं की जमिनीत गाडा. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) बांधून घेतात, म्हणजे तुम्ही शिकत असताना जमीनही तयार होत राहते.

मिस्टरांच्या शंकेबद्दल एक सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या अभ्यासानुसार जगातल्या सुमारे ६० कोटी शेतांपैकी ८४ टक्के शेतं २ हेक्टरपेक्षा लहान आहेत, आणि जगाच्या अन्नापैकी अंदाजे एक तृतीयांश तीच पिकवतात. त्यातली बहुतेक कुटुंबंच चालवतात. दोन एकर म्हणजे एक हेक्टरही नाही हे खरं, पण जगातल्या बहुसंख्य शेतकऱ्यांच्या पंगतीतच तुम्ही बसलेले आहात.

आता कोणाला काय द्यायचं. मी ठरवू नये, तुम्हीही वरून ठरवू नये. सगळ्यांनी एकत्र बसून आपापलं निवडायचं. तरी वय आणि अंगातली ताकद बघून काय जमतं ते सांगते.

सासूबाईंना वाकवत नसेल तर रोपवाटिका त्यांची. कमरेच्या उंचीचं टेबल, वर थोडी सावली, बसायला खुर्ची. रोपवाटिका हे शेतीतलं सगळ्यात नाजूक काम आहे, तिथे घाई करणारा हात चालत नाही, म्हणून वयस्कर माणसांना मी ते मुद्दाम देते. सुरुवात उगवण तपासण्यापासून करा. २० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळायच्या, फडकं वाळू द्यायचं नाही, त्या बियांना लागतात तेवढे दिवस झाले की उघडून मोजायच्या. १४ उगवल्या तर उगवण ७० टक्के, त्या मानाने बी जास्त टाकायचं. ७-८ च उगवल्या तर ते बी बाजूला ठेवा. हा आकडा सासूबाईंनी सांगायचा आणि त्याप्रमाणे बाकीच्यांनी पेरायचं. घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाच्या शब्दावर शेताचं एक पान हलतं, याने घराचं वातावरण किती बदलतं ते मी अनेक घरांत पाहिलंय. कुठल्या वाफ्यात कशानंतर काय लावायचं, याबद्दल पहिल्या वर्षाला एवढं सांगणं पुरेसं आहे की टोमॅटो, मिरची, वांगं आणि बटाटा एकाच कुळातले आहेत. त्यांचे रोग सामाईक असतात, म्हणून एका वाफ्यात यांच्यातलं काही घेतलं की पुढची तीनेक वर्षं तिथे त्यांच्यातलं दुसरं काही लावायचं नाही. हा वाफ्यांचा नकाशाही सासूबाईंकडेच ठेवा.

मुलीला कोंबड्या द्या, आणि पूर्णपणे द्या. १४ वर्षांच्या मुलीला हिशेब चांगला कळतो, तोही तिच्याकडेच. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण ११५ ग्रॅम खाद्य खाते. १५ कोंबड्या म्हणजे रोज पावणेदोन किलो, महिन्याला ५० किलोच्या वर. पाणी खाद्याच्या दुप्पट, उन्हाळ्यात त्याहून जास्त. वही करायला सांगा: तारीख, किती अंडी, किती खाद्य, काही वेगळं दिसलं का. बस, चारच रकाने. आमच्या मुलीच्या वहीत एका आठवड्यात अंडी १२ वरून ७ वर आली होती. नवरा म्हणाला, खाद्य बदलून बघू. मी म्हणाले, वय झालं असेल. मुलीने वही बघितली. ‘काही वेगळं’च्या रकान्यात तिने चार दिवसांपूर्वी लिहिलं होतं की पाण्याचं भांडं झाडाखालून हलवून भिंतीपाशी ठेवलं. दुपारी जाऊन हात घातला तर पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं कढत. कोंबड्या पीतच नव्हत्या. भांडं पुन्हा सावलीत गेलं आणि आठवडाभरात अंडी पूर्ववत झाली. अंडी कमी झाली की आधी पाणी बघायचं, मग दिवस लहान होताहेत का ते, कारण चांगल्या अंड्यांसाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो, मग पिसं झडण्याचा काळ आहे का, अंगावर उवा-गोचीड आहेत का. खाद्याला दोष सगळ्यात शेवटी. हा क्रम त्या दिवसापासून आमच्याकडे मुलीने ठरवलेला म्हणून पाळला जातो.

अंडी विकून आलेल्या पैशातून खाद्याचा खर्च वजा जाता उरेल ते तिचं. मुलांना कामाची मजुरी द्यावी का, असं मला नेहमी विचारतात. घरातली रोजची कामं पैशाशिवायच करायची, असं माझं मत आहे. पण एखादा जोडधंदा मुलाने स्वतः चालवला तर नफा त्याचाच, आणि तोटाही त्याने समजून घ्यायचा.

९ वर्षांच्या मुलाला माती द्या. म्हणजे खताचा ढीग आणि वाफसा, म्हणजे माती फार ओलीही नाही, कोरडीही नाही, काम करण्याजोगी आहे ती स्थिती. वाफसा ओळखणं मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर जमतं, कारण त्यांना ते खेळासारखं वाटतं. वाफ्यातली मूठभर माती घेऊन गोळा वळायचा, कमरेच्या उंचीवरून खाली टाकायचा. फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे, काम करा. चपटा होऊन तसाच बसला तर माती अजून ओली आहे, थांबा. गोळा वळलाच नाही तर कोरडी. ओल्या भारी मातीत कुदळ मारली किंवा नुसतं चाललं तरी ती दबते, वाळल्यावर विटेसारखी ढेकळं होतात आणि पुढचा सगळा हंगाम मुळांना त्रास होतो. तेव्हा नियम करा की त्याने ‘वाफसा आहे’ म्हटल्याशिवाय वाफ्यात कोणीही पाय टाकायचा नाही, बाबांनीही नाही. शेतात यायला नको म्हणणारं मूल अशा अधिकाराने कसं धावत येतं ते बघा.

खताचा ढीग निदान एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच हवा, त्याहून लहान असला तर तापत नाही. वाळका पाला, पेंढा, काड्या हे कर्बाचं (कार्बनचं), आणि हिरवा पाला, भाजीचे देठ, कोंबड्यांची विष्ठा हे नत्राचं. वजनाने नत्राच्या २५ ते ३० पट कर्ब असावा लागतो. पण दोन्हींत दोन्ही थोडंफार असतंच, म्हणून हाताच्या मापाने सांगायचं तर ओल्या हिरव्याची एक पाटी टाकली की वाळक्याच्या दोन-तीन पाट्या. मूठ आवळली की एक-दोन थेंब निघावेत एवढी ओल. दुर्गंधी आली तर वाळकं घाला आणि ढीग उलटा, तापतच नसेल तर हिरवं आणि पाणी घाला. मुलाला एक लोखंडी गज द्या. तो ढिगात मधोमध खुपसून ठेवायचा, रोज काढून हाताला किती चटका बसतो ते सांगायचं. पाच-सात सेकंदही धरवत नाही असा तापला की ढीग नीट चाललाय. ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस राहिला आणि उलटून सगळा भाग आत गेला की बहुतेक तणांचं बी आणि रोगजंतू मरतात. कोंबड्यांची कच्ची विष्ठा थेट भाजीला कधीही घालू नका. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत, मातीला लागणाऱ्या भाजीसाठी कच्चं शेणखत घालणं आणि काढणी यांत १२० दिवसांचं अंतर लागतं. मुलं वाफ्यातलंच खुडून तोंडात टाकतात, त्यामुळे घरच्या वाफ्यालाही मी हेच अंतर पाळते.

मिस्टरांकडे पाणी आणि ४० झाडं राहू द्या, तुमच्याकडे भाजीचे वाफे. झाडांबद्दल थोडक्यात: रोज थोडं थोडं पाणी देण्यापेक्षा दोन पाळ्यांत अंतर ठेवून खोलवर द्या. बुंध्याभोवती मीटरभर गवत येऊ देऊ नका आणि पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पण ते खोडाला टेकू देऊ नका, वीतभर जागा मोकळी सोडा. नाहीतर खोड कुजतं आणि उंदीर आसरा धरतात.

प्रत्येक जबाबदारीला एक धनी आणि एक जोडीदार असावा. धनी आजारी पडला, परीक्षा आली, गावाला गेला तर जोडीदाराला सगळं यायला हवं. यासाठी आठवड्यातला एक दिवस जोडीदारानेच ते काम करायचं आणि धन्याने त्या दिवशी तिकडे फिरकायचंही नाही. यात दोन गोष्टी साधतात. काम दोघांना येतं, आणि प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस खरी सुट्टी मिळते. जनावरांना सुट्टी नसते, म्हणून माणसांना नसते असं समजून चाललेली घरं मी दोन-तीन वर्षांत शेती सोडताना पाहिली आहेत. जोडीदाराने त्या दिवशी धन्याची पद्धत बदलायची नाही. पटलं नाही तर वहीत लिहायचं.

आता वादांबद्दल. वाद होणारच, पण त्यांना दिवस ठरवून द्या. आमच्याकडे आठवड्यातून एकदा फेरी असते. आधी सगळ्यांनी मिळून पूर्ण शेत चालायचं, साधारण अर्धा तास. आपापल्या वाफ्यापाशी, खुराड्यापाशी आलं की धन्याने सांगायचं, बाकीच्यांनी फक्त विचारायचं. आधी चालायचं आणि मग बसायचं, हा क्रम मी कधी मोडत नाही. घरात बसून ‘तू पाणी देत नाहीस’ म्हटलं की भांडण होतं. वाफ्यापाशी उभं राहून कोमेजलेलं पान सगळ्यांनी बघितलं की बोलणं पानाबद्दल होतं. मग बसून तीनच गोष्टी: पुढच्या सात दिवसांत काय आहे, कोणाला मदत लागणार आहे, आणि कोण थकलंय. तिसरा प्रश्न सगळ्यांना विचारा, मुलांनाही. आमच्या घरात त्याचं उत्तर बऱ्याचदा सगळ्यात धाकट्याने सगळ्यात आधी दिलं, आणि त्याने दिलं म्हणून मोठ्यांना द्यायचं धाडस झालं. खर्चाचाही नियम इथेच करा. एक रक्कम ठरवा, तिच्या आतला खर्च धन्याने स्वतः करायचा, वरचा असेल तर फेरीत सगळ्यांच्या संमतीने. अवजारं, यंत्रं घरात न विचारता येतात तेव्हा होणारी भांडणं पिकावरच्या भांडणांपेक्षा खोल जातात.

इथे मी वर राखून ठेवलेला भाग. सुरक्षेच्या बाबतीत ‘चुकून शिकेल’ हे लागू नाही. जगभर शेतीतल्या जीवघेण्या अपघातांत ट्रॅक्टर उलटणं हे पहिल्या कारणांपैकी एक आहे. ट्रॅक्टर भाड्याने आणलात तरी बसायची जागा एक असेल तर माणूस एकच. मुलाला मांडीवर घेऊन, मागे उभं करून फेरी मारायची नाही, कितीही हट्ट केला तरी. ट्रॅक्टरचा अवजारं फिरवणारा मागचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. ओढणीचं टोक किंवा सैल बाही त्यात अडकली तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. तो फिरत असताना मुलांनी जवळपासही असायचं नाही. फवारणीचं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही, त्याच्या मूळ डब्यातच आणि कुलपात. विहीर, हौद, शेततळं यांना कुंपण. सगळ्यांची धनुर्वाताची लस वेळेवर. जनावरांना हात लावला की साबणाने हात धुवायचे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२१ च्या अहवालात जगात १६ कोटी बालकामगार असल्याचं नोंदवलं होतं. त्यातली ७० टक्के मुलं शेतीत होती आणि बहुतेक आपल्याच घरच्या कामात. घरचं काम आहे म्हणून ते आपोआप निर्धोक होत नाही. माझ्या घरात कसोटी साधी होती: शाळा, अभ्यास, झोप आणि खेळ यांतलं काही कापून शेतीला वेळ द्यावा लागला तर ती जबाबदारी मुलाला झेपत नाही, ती मोठ्यांनी परत घ्यायची. रागावून नाही, शिक्षा म्हणून नाही. मुलीच्या दहावीच्या वर्षी कोंबड्या नवऱ्याने घेतल्या, परीक्षा संपली त्या संध्याकाळी तिने चकती मागून घेतली.

शेळ्या पुढच्या वर्षी आणाल तेव्हा एकटी आणू नका, ती कळपात राहणारी आहे, एकटी ओरडून जीव टाकते. निदान दोन हव्यात. गाभण काळ सुमारे १५० दिवसांचा, म्हणून फळवल्याची (बोकडाकडे नेल्याची) तारीख वहीत लिहिली की विण्याचा आठवडा आधीच कळतो, त्या आठवड्यात घरातून कोणी गावाला जायचं नाही. करडू जन्मलं की पहिल्या एक-दोन तासांतच चीक, म्हणजे विल्यानंतरचं पहिलं दाट दूध, पोटात जायला हवा, आणि पहिल्या २४ तासांत त्याच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका. तीन किलोचं करडू असेल तर ३०० मिलिलिटर, तीन-चार वेळा विभागून. घरात किंवा मदतीला येणाऱ्यांत कोणी गरोदर असेल तर तिने शेळीच्या विण्याच्या वेळी गोठ्यात जायचं नाही, वार आणि स्राव यांतून येणारे काही जंतू पोटातल्या बाळाला घातक असतात. आणि धार काढणं घरातल्या दोघांना यायलाच हवं. आधी ते कुठेतरी जाऊन महिनाभर शिका, मग शेळी आणा. नव्या आणलेल्या शेळ्या पहिले तीन-चार आठवडे इतर जनावरांपासून वेगळ्या बांधा.

या आठवड्यात एवढंच करा. लाकडाच्या तीन चकत्या, एक वही, आणि सगळ्यांनी मिळून एक फेरी. फेरीत वाफे आखायला २०० चौरस मीटर जागा निवडा, पाण्यापासून जवळ आणि घरातून दिसेल अशी, कारण घरातून दिसणाऱ्या वाफ्याकडे आपोआप लक्ष राहतं. जमिनीला कुठल्या बाजूला उतार आहे आणि तुमच्या पाण्याच्या टाकीत किती लिटर मावतात ते मला कळवा. वाफे उताराला आडवे घ्यायचे असतात, पण तुमच्या जागेवर सरी कुठून काढायची ते त्या दोन गोष्टी कळल्याशिवाय सांगता येणार नाही.